मेनू कळतो का हे विचारू नका, बसवून बघा: वेबसाइटच्या नेव्हिगेशनची चाचणी, टप्प्याटप्प्याने

वेबसाइट तयार झाली की एक ठरलेला कार्यक्रम होतो. मालक, त्यांचा कॉलेजातला पोरगा, हिशेब बघणारे काका आणि चहा घेऊन आलेला माणूस, सगळे एका लॅपटॉपभोवती जमतात. कुणीतरी मेनूवरून माउस फिरवतो. "कशी वाटली?" "एक नंबर की ओ!" झाली चाचणी. पंधरा दिवसांत दुकानाचा फोन सुरू होतो: माप कसं घ्यायचं, बदलून मिळंल का, निम्मे पैसे आधी भरायचे का. यातलं प्रत्येक उत्तर साइटवर असतं. मेनूत ते ज्या नावाखाली ठेवलंय, ते नाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात नसतं, एवढंच.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही तिघं मिळून साइट बनवतो. चपलांचे व्यापारी, गूळवाले, उद्यमनगरातले फाउंड्रीवाले अशी आमची गिऱ्हाइकं. हा कार्यक्रम आम्हीही बरीच वर्षं केला. खाली लिहिलेला क्रम त्या चुकांतून आलाय. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतो, कोल्हापुरी चपलांच्या एका दुकानाची साइट. तिचा पहिला मेनू असा होता: होम, कलेक्शन, वारसा, सेवा, संपर्क. "कलेक्शन"खाली कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कुरुंदवाडी. "सेवा"खाली साइज गाइड, एक्स्चेंज पॉलिसी, घाऊक ऑर्डर, चपलेची निगा.

क्रम असा: आधी शब्द तपासायचे, मग रचना, मग स्क्रीन आणि शेवटी चालती साइट. तो का पाळायचा, तर शब्दांतली चूक कागदावर सापडली तर खोडरबराने जाते. तीच चालत्या साइटवर सापडली तर पंधरा पेजं हलवावी लागतात आणि गुगलवरचे जुने दुवे तुटतात.

टप्पा १: लोक कशासाठी येतात त्याची यादी करा

मेनू समोर ठेवून यादी करू नका. दुकानात जाऊन बसा. चार ठिकाणी खजिना असतो:

१. दुकानाच्या व्हॉट्सॲपवरचे गेल्या दोन महिन्यांतले प्रश्न. नावं आणि नंबर सोडून फक्त प्रश्न उतरवा, ते लोकांच्याच शब्दांत.
२. फोन उचलणाऱ्या माणसाची आठवण. त्याला "लोक काय विचारतात" असं मोघम विचारू नका. "काल काय विचारलं, परवा काय विचारलं" असं विचारा.
३. गुगल सर्च कन्सोलमध्ये दिसणारे शब्द, म्हणजे लोक काय टाइप करून साइटवर आले.
४. साइटवर शोधपेटी असेल तर तिच्यात लोकांनी काय लिहिलं.

यातून पंचवीस-तीस प्रश्न निघतात. सारखे प्रश्न एकत्र केले की दहा-बारा उरतात. त्यातले वारंवार येणारे किंवा पैशाशी थेट निगडित असे सहा ते आठ निवडा. चाचणी यांच्यावर होणार.

तपासा: निवडलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर साइटवर खरोखर आहे का? आमच्या यादीत "पावसात भिजली तर काय करायचं" हा प्रश्न होता आणि साइटवर त्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. जे नाहीच ते सापडत नाही म्हणून मेनूला दोष देण्यात अर्थ नाही.

टप्पा २: प्रश्नाचं काम करा, पण मेनूतला शब्द आत येऊ देऊ नका

सगळ्यात जास्त चाचण्या इथंच वाया जातात, म्हणून इथं जरा थांबतो.

पहिल्या चाचणीत मी सहभागींच्या हातात कागद दिला: "साइज गाइड बघून तुमच्या पायाचं माप काढा." पाचही जणांनी काही सेकंदांत काम केलं. मालक खूश, मी त्याहून खूश. साइट चालू झाली आणि मापाचे फोन पहिल्यासारखेच येत राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना शोधायला लावलंच नव्हतं. कागदावर "साइज गाइड" लिहिलं होतं, मेनूत "साइज गाइड" होतं, त्यांनी दोन सारखे शब्द जुळवले. पहिलीतलं पोरगंही ते करंल.

काम लिहिताना माणसाची अडचण सांगा, उपाय सांगू नका. आमची कामं नंतर अशी बदलली:

• आधी: "साइज गाइड बघा." नंतर: "मुंबईच्या भावासाठी चप्पल घ्यायचीय. तो बुटाचा आठ नंबर घालतो. त्याला कुठली बसंल?"
• आधी: "एक्स्चेंज पॉलिसी वाचा." नंतर: "वडिलांसाठी मागवलेली चप्पल घट्ट होतेय. आता काय कराल?"
• आधी: "घाऊक ऑर्डरचं पेज उघडा." नंतर: "घरच्या लग्नात पाव्हण्यांना द्यायला ४० जोड हवेत. दर काय पडंल ते बघा."
• आधी: "चपलेची निगा कशी राखावी ते शोधा." नंतर: "नवी चप्पल चार दिवस घातली, अंगठ्यापाशी चावतेय. काही करता येतं का बघा."

शेवटच्या कामात "चावतेय" हा शब्द मुद्दाम आहे. कोल्हापुरात नवी चप्पल चावते, असंच म्हणतात. "निगा" हा शब्द आमच्या मेनूतला, गिऱ्हाइकाच्या तोंडातला नव्हे.

प्रत्येक कामाखाली तुमच्यासाठी तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठल्या पेजवर पोचलं म्हणजे काम झालं, तिथं जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कुठला, आणि दुसरं एखादं उत्तरही बरोबर धरायचं का. हे आधी ठरवलं नाही, तर चाचणीत समोरच्या माणसाची दया येते आणि "चला, जवळ आलेत, बरोबर धरू" असं होतं.

सावध: कामांची भाषा आणि साइटची भाषा यांचा घोळ घालू नका. इंग्रजी मेनूची साइट असेल तर कामं मराठीत सांगायला हरकत नाही, उलट शब्द जुळवायचा धोका कमी होतो. पण मराठी मेनूच्या साइटवर तोंडी काम सांगताना जिभेवर मेनूतलाच शब्द येतो. म्हणून कागदावरून जसंच्या तसं वाचा.

टप्पा ३: माणसं कुठली आणि किती

समोर बसवून बघायच्या चाचणीला एका प्रकारची पाच माणसं पुरतात. वापरसोयीचे अभ्यासक जेकब निल्सन आणि टॉम लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेलं गणित असं: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के उघड होतात. हे गणित लोक अर्धवट वापरतात. ते अडचणी शोधण्यासाठी आहे, टक्केवारी काढण्यासाठी नाही. पाचपैकी चौघांना जमलं म्हणून "८० टक्के लोकांना जमतं" असा अहवाल देऊ नका. एवढ्या लहान संख्येत खरा आकडा ३६ टक्क्यांपासून ९८ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो. "पाचपैकी चार" एवढंच लिहा.

गिऱ्हाईक दोन प्रकारचं असेल तर प्रत्येक प्रकारचे पाच घ्या. आमच्याकडं किरकोळ घेणारे आणि दुकानासाठी माल उचलणारे असे दोन गट होते. दहा जणांना एका दमात बसवण्यापेक्षा पाच बसवा, दुरुस्ती करा, मग पुढचे पाच बसवा.

कार्ड सॉर्टिंगला (पेजांच्या नावांची कार्डं गठ्ठ्यांत लावायला देणं, टप्पा ४) जास्त लागतात, साधारण पंधरा. ऑनलाइन ट्री टेस्टला (मेनूच्या नुसत्या शब्दांवर शोधायला लावणं, टप्पा ५) ५०च्या आसपास मिळाले तर चित्र स्पष्ट होतं. हीच चाचणी टेबलावर कागदी करणार असाल तर दहा-पंधरा जणांतही कल दिसतो.

माणसं कुठून आणायची? दुकानात जोड बांधून घेण्यासाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाला विचारा. परगावचं गिऱ्हाईक हवं असेल तर महाद्वार रोडला शनिवार-रविवारी काय तोटा? देवीचं दर्शन करून निघालेली माणसं पंधरा मिनिटं खुशीनं बसतात, सावली आणि पाणी तेवढं द्या. पाऊण तासाच्या बैठकीला बोलावलं असेल तर मानधन द्या, आणि ते सुरुवातीलाच हातात द्या. शेवटी दिलं की माणूस पैशाला जागतो आणि साइटची स्तुती करतो.

यांना बोलावू नका: मालकाचे नातेवाईक, साइट बनवणाऱ्यांचे मित्र, इंजिनिअरिंगची पोरं (ती गिऱ्हाईक असतील तर गोष्ट वेगळी), आणि आधीच्या फेरीत बसून गेलेलं कुणीही.

संमती लेखी घ्या. रेकॉर्डिंग कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार हे मराठीत चार ओळींत लिहा आणि वाचून दाखवा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे आणि १८ वर्षांखालच्याला तो मूल मानतो, तेव्हा कॉलेजच्या साइटसाठी अकरावीची मुलं बसवणार असाल तर पालकांची सही आधी.

टप्पा ४: कार्ड सॉर्टिंग, म्हणजे लोकांच्या डोक्यातले गठ्ठे

साइटवरच्या प्रत्येक पेजचं नाव एकेका कार्डावर लिहा. ३० ते ५० कार्डं ठीक, त्यावर गेलं की माणूस कंटाळून शेवटची दहा कुठंही ढकलतो. कार्डं पिसून द्या. "जी एकत्र असावीत असं वाटतं ती एकत्र ठेवा, मग प्रत्येक गठ्ठ्याला तुम्हीच नाव द्या" एवढंच सांगा. किती गठ्ठे करायचे ते सांगू नका. रिकामी कार्डं आणि पेन जवळ असू द्या, आणि "हे कुठंच बसत नाही" असा एक गठ्ठाही चालतो हे आधी सांगा.

कार्डावरचे शब्द जपून लिहा. आम्ही पहिल्यांदा "चपलेचं माप", "चपलेची निगा", "चपलेचे दर", "चपलेचा इतिहास" अशी कार्डं केली. लोकांनी "चपले" दिसलं की एका गठ्ठ्यात टाकलं. अर्थ कुणी बघितलाच नाही. सारखा शब्द जिथं जिथं येतो तिथून काढा.

या बैठकीत आमच्या "कलेक्शन"चा फुगा फुटला. कारागिरांनी आणि जुन्या दुकानदारांनी गठ्ठे केले ते कापशी, कुरुंदवाडी असे. ही गावांवरून पडलेली नावं, त्यांच्या रोजच्या तोंडातली. पुण्या-मुंबईकडच्या गिऱ्हाइकांनी गठ्ठे केले "रोज घालायची", "लग्नाकार्याला", "बायकांची", "लहान पोरांची". कापशीचं कार्ड हातात धरून एका ताईंनी विचारलं, "हा रंग आहे का?" मेनू कुणाच्या शब्दांत असावा याचा वाद तिथंच मिटला. गावांची नावं आम्ही आतल्या पेजवर, माहीतगार माणसाला लगेच सापडतील अशी ठेवली.

तपासा: गठ्ठ्यांची नावं बघण्याआधी जोड्या बघा. पंधरापैकी दहा-अकरा जणांनी जी दोन कार्डं एकत्र ठेवली, ती मेनूतही एकत्र हवीत. जे कार्ड प्रत्येकानं वेगळ्याच ठिकाणी टाकलं, त्याचं नाव बहुधा वाईट आहे. ते आधी बदला.

सावध: कार्ड सॉर्टिंगमधून तयार मेनू निघत नाही, कच्चा माल निघतो. गठ्ठे बघून रचना तुम्हालाच मांडायची आणि ती पुढच्या टप्प्यात तावून घ्यायची. इथं थांबून थेट साइट बांधायला घेणारे बरेच भेटतात.

टप्पा ५: ट्री टेस्ट, रंगरंगोटीशिवाय नुसता सांगाडा

यात चित्र नाही, रंग नाही, शोधपेटी नाही. फक्त मेनूचे शब्द, एकाखाली एक. माणसाला काम द्यायचं आणि तो कुठल्या शब्दावर जातो ते बघायचं. ऑनलाइन साधनं आहेत, पण टेबलावरही होतं. एका मोठ्या कार्डावर पहिल्या पातळीचे शब्द लिहा. त्यातला एक त्यानं निवडला की त्याच्या पोटातले शब्द असलेलं दुसरं कार्ड समोर ठेवा. मागं जायचं असेल तर वरचं कार्ड परत.

क्रम असा ठेवा:

१. एका माणसाला आठ-दहापेक्षा जास्त कामं देऊ नका. त्यापुढं त्याला मेनूचं सगळं झाड पाठ होतं आणि पुढची उत्तरं फुगतात.
२. प्रत्येकाला कामांचा क्रम बदलून द्या.
३. "इथंच असंल" असं तो म्हणाला की थांबा. बरोबर की चूक, चेहऱ्यावर दाखवू नका.
४. तीन गोष्टी लिहा: पहिल्यांदा कुठल्या शब्दावर गेला, मागं आला का, शेवटी कुठं थांबला.

मागं न येता बरोबर जागी पोचला, तर थेट यश. भटकून पोचला, तर वळसा घेऊन यश. या दोघांची बेरीज करून टाकू नका, कारण नेव्हिगेशनचं दुखणं वळशातच दिसतं. सगळे वरच्या पातळीवरच चुकीच्या दारात शिरत असतील तर वरचा शब्द वाईट. बरोबर दारात शिरून परत फिरत असतील तर आतली मांडणी वाईट, किंवा दोन विभाग एकमेकांत गुंतलेत.

"चप्पल चावतेय" या कामात पंधरापैकी नऊ जण आधी "संपर्क"वर गेले. "सेवा" हा शब्द त्यांना दिसत होता, पण सेवा म्हणजे काय ते कळत नव्हतं. एका आजोबांना वाटलं देवस्थानची काहीतरी सेवा असंल. सेवा, माहिती, इतर, अधिक असे शब्द मेनूत आले की समजा, आपल्याला जे कुठं बसवता आलं नाही ते तिथं कोंबलंय.

मालक एक नियम हमखास सांगतात, "सगळं तीन क्लिकमध्ये सापडलं पाहिजे." या नियमाला आधार नाही. आमच्या पापाची तिकटी चौकात उभं राहून पत्ता विचारणाऱ्याला वळणं किती यानं फरक पडत नाही, प्रत्येक वळणावर "बरोबर चाललोय" असं वाटतंय का, यानं पडतो.

टप्पा ६: पहिला क्लिक

आता स्क्रीनचं चित्र. पेज चालू असायची गरज नाही, कागदावर छापलेलंही चालतं. काम वाचून दाखवा आणि "पहिलं बोट कुठं ठेवाल?" एवढंच विचारा. जागेवर खूण करा, किती सेकंद लागले ते लिहा, पुढचं काम. एका माणसाला दहा मिनिटं पुरतात.

एवढ्याशा गोष्टीला वेगळा टप्पा का? बॉब बेली आणि कॅरी वुल्फसन यांच्या अभ्यासात पहिला क्लिक बरोबर पडलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांचं काम पुरं झालं, चुकलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांचं.

सावध: मोबाइलचं चित्र आणि कॉम्प्युटरचं चित्र वेगळं तपासा. कॉम्प्युटरवर उघडा दिसणारा मेनू मोबाइलवर तीन आडव्या रेघांमागं लपतो, आणि त्या रेघा म्हणजे मेनू हे सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालू नका.

टप्पा ७: समोर बसवून चालती साइट

खोली शांत हवी, एवढंच. आरसे-कॅमेरे लागत नाहीत. एकानं बोलायचं, एकानं मागं बसून लिहायचं. दोन्ही कामं एकट्यानं केली तर दोन्ही बिघडतात. मालकाला बघायचंच असेल तर दुसऱ्या खोलीतून बघू द्या. आमचे मालक पहिल्या दिवशी त्याच खोलीत होते आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणाले, "अहो तिथं वर बघा की!"

आधी एक रंगीत तालीम करा, ऑफिसातल्याच कुणावर. कामं कळतात का, वेळ किती लागतो, रेकॉर्डिंग चालतं का, हे त्यात कळतं. ही बैठक मोजायची नाही.

शक्यतो त्यांच्याच मोबाइलवर घ्या. पन्नाशीच्या पुढच्या पुष्कळ लोकांच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं असतं. आमच्या सुंदर मेनूतली "निगा"ची वेलांटी त्या मोठ्या अक्षरात वरून कापली गेली आणि "नगा" दिसायला लागलं. कोल्हापुरात "नगा" म्हणजे "नको हो". आम्ही चाचणीत पोट धरून हसलो, पण ते आमच्या कुठल्याच फोनवर दिसलं नव्हतं. स्क्रीन रेकॉर्ड करण्याआधी त्यांच्याकडूनच नोटिफिकेशन बंद करून घ्या. घरचे मेसेज आपल्या रेकॉर्डिंगमध्ये यायला नकोत.

बैठकीचा क्रम:

१. "परीक्षा साइटची आहे, तुमची नाही. अडलं तर चूक आमची." हे वाक्य चुकवू नका. साइट बनवणारे तुम्हीच आहात हे मात्र सांगू नका, नाहीतर माणूस तुमचं मन राखायला लागतो.
२. बोलत बोलत काम करायचा सराव द्या. आम्ही सांगतो, "उद्या पहाटे पाचचा गजर लावा, आणि लावताना मनात येईल ते बोला." एका मिनिटात लाज मोडते.
३. काम एकेक करून द्या. कागद त्यांच्या हातात, वाचन तुमचं.
४. प्रत्येक काम होमपेजवरून सुरू करू नका. बरीच माणसं व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून थेट एखाद्या चपलेच्या पेजवर उतरतात. दोन कामं तशा आतल्या पेजवरून द्या. आधी विचारा: ही साइट कुणाची, आपण कुठल्या भागात आहोत, इथून वर जायचं तर कसं? उत्तर आलं नाही तर पेजवर ठावठिकाणा नाही असं समजा.
५. कोणी शोधपेटीकडं धावला तर अडवू नका, लिहून ठेवा. मेनू सोडून तिकडं का गेला ते काम झाल्यावर विचारा.

आता बोलायचं काय. कागलहून आलेल्या एका काकींची बैठक जशी झाली तशी देतो. काम होतं घट्ट चपलेचं.

"हितं तर काय दिसंना. मी मागं जातो… आता कुठं हात लावू?"

मी मनात दहा आकडे मोजले.

"ह्यात असंल का, संपर्क?"

"तुम्हाला काय वाटतंय, काकी?"

"फोन नंबर असंल त्यात. मी आपला फोनच करतो की!"

"घरी असता तर फोनच केला असता?"

"व्हय की. कोण शोधत बसतंय."

काकींची ही वाक्यं मला शंभर जणांच्या गुणपत्रिकेपेक्षा मोलाची वाटतात. "हा शब्द तुम्हाला समजला नाही का?" असं मी मध्ये विचारलं असतं तर काकी "समजला की" म्हणाल्या असत्या आणि विषय संपला असता. बोलायची वाक्यं तीनच ठेवा: "तुम्हाला काय वाटतंय?", "मी इथं नसतो तर काय केलं असतं?", "आता मनात काय आलं?" बाकी गप्प. टिपण घेताना शब्द सुधारू नका. काकी "मी जातो" म्हणाल्या तर "जातो"च लिहा, कोल्हापुरी बायका तसंच बोलतात.

काम सोडून द्यायची वेळ आधी ठरवा. आम्ही चार मिनिटं धरतो. त्यानंतर "छान, पुढचं बघू" म्हणायचं. उत्तर दाखवू नका, नाहीतर पुढच्या कामात त्याचा उपयोग होतो. एका बैठकीत पाच-सहा कामं, पाऊण तास, आणि दिवसाला चार बैठका खूप झाल्या. पाचवीला तुमचेच कान बंद होतात.

टप्पा ८: नोंदी आणि भटकंतीचा हिशेब

प्रत्येक कामाची एक ओळ: पहिला क्लिक, पेजांचा क्रम, निकाल (स्वतः जमलं, कष्टानं जमलं, सोडलं), तोंडचं एक वाक्य. काम संपल्या संपल्या "१ ते ७ मध्ये किती सोपं गेलं" हा एकच प्रश्न विचारा. लांबलचक प्रश्नावली नको. भटकूनही सात देणारे बरेच असतात, त्यामुळे या आकड्यापेक्षा वाट महत्त्वाची धरा.

वाट मोजता येते. मापाच्या कामात एकाची वाट अशी होती: होम, कलेक्शन, कापशी, कलेक्शन, होम, वारसा, होम, सेवा, साइज गाइड. एकूण पेजं ९. वेगवेगळी ६. कमीत कमी लागणारी ३. आता ६ भागिले ९, त्यातून वजा १, त्याचा वर्ग ०.११. मग ३ भागिले ६, त्यातून वजा १, त्याचा वर्ग ०.२५. बेरीज ०.३६, वर्गमूळ ०.६. हा आकडा ०.४ च्या खाली असेल तर माणूस वाटेवर होता, ०.५ च्या वर गेला तर हरवला होता. हे गृहस्थ शेवटी पोचले म्हणून आमच्या कागदावर "जमलं" होतं. आकडा सांगतो, हरवले होते.

तपासा: बोलणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या मते निकाल वेगळा आहे का? तसं असेल तर रेकॉर्डिंग बघून मिटवा, आठवणीवर नको.

टप्पा ९: दुरुस्ती, आणि परत पाच जण

अडचणी दोन निकषांवर लावा: किती जण अडले आणि काम किती मोलाचं. मग आधी शब्द बदला, त्यानं भागलं नाही तर जागा बदला, त्यानंही नाही तर रचना. उलट्या क्रमानं गेलात तर एका शब्दासाठी घर पाडाल. एकाच वेळी दहा बदलही करू नका, कशानं फरक पडला ते कळत नाही. दुसऱ्या फेरीला कामं तीच, माणसं नवी.

आम्ही "सेवा" काढून "माप, बदली, निगा" केलं आणि चपलांची वाटणी कोण घालणार आणि कधी घालणार यावर केली. मालकांचा लाडका "वारसा" तिसऱ्या जागेवरून शेवटून दुसरा झाला, त्यावर दोन चहा आणि एक भांडण खर्ची पडलं. नव्या पाच जणांत चावणाऱ्या चपलेचं काम चौघांनी थेट केलं. ४० जोडांचं काम मात्र तिघांनी मेनूकडं न बघता व्हॉट्सॲपच्या हिरव्या बटणावरच केलं. तिथं आम्ही मेनूशी झटापट केली नाही. घाऊक दराचा प्रश्न त्या बटणात आधीच लिहून ठेवला आणि पुढच्या फेरीच्या यादीत त्या कामासमोर लिहिलं: बटण कॉम्प्युटरवर दिसतं का, बघायचं.